तळघरातल्या ऑइल टाकीत बायोडिझेल घालायचंय? तेलाच्या आधी टाकीकडे बघा

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडात जुनं घर घेतलेल्या आपल्या बऱ्याच लोकांचा पहिला हिवाळा सारखाच जातो. घर बघताना किचन, शाळा, ऑफिसला जायला लागणारा वेळ हे सगळं नीट बघितलेलं असतं, आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळघरात उतरल्यावर लक्षात येतं की कोपऱ्यातली ती काळपट लोखंडी टाकी २७५ गॅलनची, म्हणजे हजारेक लिटरची आहे आणि आख्खं घर तिच्यातल्या तेलावर तापतं. आमचंही तेच. मॅसॅच्युसेट्समधलं १९५०च्या दशकातलं घर, रस्त्यावर गॅसची लाइन नाही, आणि घर घेतल्यावर लगेच हीट पंप बसवायला हातात पैसे उरले नव्हते. वर्षाला साधारण ७०० गॅलन तेल लागायचं. एक गॅलन हीटिंग ऑइल जाळलं की १० किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे आमच्या एका घराचे वर्षाला सात टन, आणि हा हिशोब कागदावर मांडला तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं.

म्हणून मी बायोडिझेल मिसळलेल्या हीटिंग ऑइलकडे वळलो. आता चार हिवाळे झाले, घर छान तापतं. पण पहिल्याच वर्षी जानेवारीत रात्री दोन वाजता बॉयलर बंद पडला होता, बाहेर उणे १७, घरात लहान मूल. मेकॅनिकने फिल्टर उघडून दाखवला तर आत काळा चिखल. त्याने सांगितलं ते मी विसरलेलो नाही: हा चिखल नवीन तेलाने आणलेला नाही, तुमच्या टाकीच्या तळाशी तीस-चाळीस वर्षं बसलेला होता, नवीन तेलाने फक्त तो सोडवला. हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहितोय. बायोडिझेल घालणं अवघड नाही, पण तयारी आधी टाकीची करायची आणि तेल मग मागवायचं, हा क्रम उलटला की त्रास होतो.

आधी हे तेल काय आहे ते समजून घ्या

बायोडिझेल म्हणजे खाद्यतेल नव्हे. सोयाबीनचं, कॅनोलाचं किंवा हॉटेलांमधलं तळून उरलेलं तेल घेऊन त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्यासारखा एखादा कॅटॅलिस्ट घालतात, त्यातून ग्लिसरीन वेगळं निघतं आणि वर उरतं ते बायोडिझेल. ढोबळ मानाने १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉल घातलं की १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळतं. हे सगळं करायचं कारण म्हणजे घट्टपणा. कच्चं वनस्पती तेल हीटिंग ऑइलपेक्षा दहापटीहून जास्त घट्ट असतं आणि बर्नरच्या नोझलचं भोक अगदी बारीक. ज्यांनी लहानपणी रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हला पिन मारलीय त्यांना हे वेगळं समजवायला नको, भोकात जरासा कचरा अडकला की ज्योत पिवळी होते, काजळी धरते, आणि इथे तर तेलाचा फवारा १०० पीएसआय किंवा त्याहून जास्त दाबाने मारलेला असतो.

त्यामुळे कृपा करून दिवाळीत चकल्या-शंकरपाळे तळून उरलेलं तेल गाळून टाकीत ओतू नका. व्हिडिओ बघून गॅरेजमध्ये मिथेनॉल आणून घरी बायोडिझेल बनवायचं तर डोक्यातही आणू नका. मिथेनॉल विषारी आहे, त्याची वाफ पेट घेते, आणि अशा तेलाने बॉयलर बिघडला किंवा आग लागली तर इन्शुरन्सवाले हात वर करतील. उरलेलं तेल डब्यात भरून गावाच्या ट्रान्सफर स्टेशनवर, म्हणजे कचरा गोळा करायच्या केंद्रावर द्या, बऱ्याच ठिकाणी घेतात. भारतातही एफएसएसएआयने २०१८मध्ये वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवायची ‘रुको’ नावाची योजना सुरू केलीय, तिकडे घरच्यांना आणि ओळखीच्या फरसाणवाल्यांना नक्की सांगा.

मिश्रणाचं नाव ‘बी’ आणि पुढे आकडा असं असतं. बी५ म्हणजे ५ टक्के बायोडिझेल, बी२० म्हणजे २०, बी१०० म्हणजे शुद्ध. बाजारात ‘बायोहीट’ हे नाव ५ टक्क्यांपर्यंत, ‘बायोहीट प्लस’ ५ ते २० पर्यंत आणि ‘बायोहीट सुपर प्लस’ २० च्या वर. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं डी३९६ हे हीटिंग ऑइलचं स्टँडर्ड बी२०पर्यंतच्या मिश्रणाला धरून आहे, आणि मिसळायच्या आधीच्या शुद्ध बायोडिझेलसाठी डी६७५१ आहे. हे दोन नंबर लिहून ठेवा, सप्लायरशी बोलताना लागतात.

तुम्ही कुठे राहता त्यावर तुमच्या टाकीत आत्ताच किती बायोडिझेल आहे ते ठरतं. न्यूयॉर्क राज्यात जुलै २०२२पासून किमान ५ टक्के, जुलै २०२५पासून १० आणि २०३०पासून २० असा कायदा आहे. ऱ्होड आयलंडने त्याहून मोठी उडी मारली, २०२३ला १०, २०२५ला २०, २०३०ला ५०. कनेटिकटमध्येही २०२२पासून ५ टक्क्यांनी सुरुवात झालीय. मॅसॅच्युसेट्सने २००८मध्ये कायदा केला होता पण ती सक्ती २०१०मध्ये थांबवली, त्यामुळे आमच्याकडे तुम्ही विचारल्याशिवाय कोणी काही सांगत नाही.

तळघरात टॉर्च घेऊन उतरा

पहिलं काम हेच, आणि यात अर्धा तास घालवाच. मोबाइलवर फोटो काढत जा.

टाकी आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर खालचा थंडीचा भाग आधी वाचा. टाकीच्या तळावर हात फिरवा, ओल लागतेय का, पायांजवळ गंज आहे का, खालच्या व्हॉल्व्हच्या आसपास तेलाचा डाग आहे का. लोखंडी टाकी बहुतेक वेळा आतून सडते, कारण पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं गंज चढत राहतो. बाहेरून रंग चांगला दिसला म्हणून टाकी चांगली असं नाही. शंका असेल तर अल्ट्रासाउंडने पत्र्याची जाडी तपासून देणारे लोक मिळतात, आणि टाकी कमकुवत निघाली तर पैसे आधी टाकीवरच खर्च करा. तळघरात तेल सांडलं तर माती साफ करायचा खर्च माणसाला झोपवतो.

टाकीपासून बर्नरपर्यंत तांब्याची नळी काँक्रीटच्या आतून गेलीय का ते बघा. मॅसॅच्युसेट्समध्ये २०११पासून एकतर ऑइल सेफ्टी व्हॉल्व्ह (नळी गळली तर तेल थांबवणारा) किंवा नळीवर संरक्षक प्लास्टिकचं आवरण असणं कायद्याने लागतं, तरीही जुन्या घरात हे राहून गेलेलं असू शकतं, म्हणून स्वतः डोळ्यांनी बघा.

मग बर्नरवरची पत्र्याची प्लेट. कंपनी, मॉडेल, आणि यूएलच्या, म्हणजे सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या खुणेशेजारी बी५, बी२० किंवा बी१०० असं काही लिहिलंय का. जुन्या बर्नरवर काहीच नसेल, त्याने घाबरू नका, बी२०पर्यंत बहुतेक ठिकाणी बर्नर बदलावा लागत नाही. फक्त पंपाच्या शाफ्टचं सील आणि रबरी वॉशर किती जुने आहेत ते मेकॅनिकला विचारा, खूप जुनं नायट्राइल रबर असेल तर सर्व्हिसच्या वेळीच व्हायटॉन या जास्त टिकाऊ रबराचं टाकून घ्या, खर्च किरकोळ आहे. तेलाचा पंप आणि भिंतीवरचा जुना फिल्टर यांचेही फोटो घ्या.

तेल बदलण्याआधी तेल कमी लागेल असं करा

यावर मी ठाम आहे. पोटमाळ्यावर इन्सुलेशन नसलेल्या घरात बी२० घालणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत चांगलं पाणी ओतणं. मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह या ऊर्जाबचत योजनेची घराची तपासणी फुकट असते, ऑइलवाल्या घरांनाही मिळते, आणि इन्सुलेशनवर मोठी सूटही मिळते. आमच्याकडे पोटमाळा, रिम जॉइस्ट (तळघराच्या भिंतीवरची, मजल्याच्या कडेची लाकडी चौकट) आणि दारांच्या फटी बंद केल्यावर ७०० गॅलनचे ५४० झाले. कुठलंही तेल बदलून इतका फरक पडला नसता.

सप्लायरला हे विचारा

फोनवर “तुमच्याकडे बायोहीट आहे का” एवढंच विचारलं तर उत्तर “हो” येणारच, कारण बी२ लाही बायोहीट म्हणतात. म्हणून नेमकं विचारा: आत्ता मिश्रण किती टक्के आहे, हिवाळ्यात तेच ठेवता की कमी करता? बायोडिझेल डी६७५१ला उतरलेलं आणि बीक्यू-९००० ही दर्जाची मान्यता असलेल्या उत्पादकाकडचं आहे का? मिश्रण टर्मिनलवर, म्हणजे ट्रक भरतात त्या तेलाच्या डेपोत, मोजून होतं की ट्रकमध्ये ओतून? ट्रकमध्ये आधी एक आणि मग दुसरं ओतलं आणि नीट ढवळलं गेलं नाही, तर थंडीत एका घराला बी१० आणि दुसऱ्याला बी४० जाऊ शकतं. टर्मिनलच्या पावतीची, म्हणजे बिल ऑफ लेडिंगची कॉपी मागा, चांगले लोक आनंदाने देतात.

आणि शेवटचा, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, बायोडिझेल कशापासून बनलंय? अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण खात्याने २०१०मध्ये जो हिशोब मांडला त्यात सोयाबीनच्या बायोडिझेलने डिझेलच्या तुलनेत ५७ टक्के आणि वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलने ८६ टक्के हरितगृह वायू कमी होतात. म्हणजे तेच बी२०, पण एकाने तुमचं उत्सर्जन ११ टक्क्यांच्या आसपास कमी होतं आणि दुसऱ्याने १७. सोयाबीन शेतात पिकवावं लागतं, तळणीचं तेल नाहीतरी फेकलंच जाणार होतं. पामतेलाचं असेल तर मी घेत नाही, जंगलांचा प्रश्न आहे आणि थंडीत ते सगळ्यात लवकर गोठतं. मॅसॅच्युसेट्सच्या एपीएस या पर्यायी ऊर्जेच्या योजनेत टाकाऊ तेलापासून बनलेलं, किमान १० टक्के मिश्रणाचं इंधन विकणाऱ्याला क्रेडिट मिळतं, म्हणून इथे तसं तेल मिळणं तुलनेने सोपं आहे, विचारायला हवं एवढंच.

टाकीची साफसफाई

वेळ ऑगस्ट-सप्टेंबर. तोपर्यंत टाकीतलं तेल एक चतुर्थांशाच्या खाली येईल असा शेवटचा भराव ठरवा.

मेकॅनिकला सांगून काठीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकीच्या तळाला टेकवून बघा, पाणी असेल तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. तळाशी थोडंफार पाणी आणि साका निघणारच, तो पंपाने खेचून काढून घ्या. पाणी आणि तेल जिथे भेटतात तिथे बुरशी-जिवाणू वाढतात, त्यांचा बुळबुळीत थर फिल्टर तासाभरात बंद करू शकतो, आणि बायोडिझेल साध्या तेलापेक्षा पाणी जास्त ओढतं म्हणून हे काम टाळू नका. मी पहिल्या वर्षी टाळलं होतं, “टाकी तर वर्षानुवर्षं चालतेय” म्हणून, आणि जानेवारीतली ती रात्र त्याचंच फळ.

मग फिल्टर. जुना लोकरीचा फिल्टर असेल तर त्याच्यासोबत किंवा त्याच्याजागी स्पिन-ऑन, साधारण १० मायक्रॉनचा फिल्टर बसवून घ्या आणि शक्य असेल तर त्यावर व्हॅक्यूम गेज लावा. काटा हळूहळू वर जायला लागला की समजायचं, फिल्टर भरतोय, बॉयलर बंद पडायची वाट बघायला नको. एक सुटा फिल्टर आणि एक नोझल घरात ठेवा. पहिल्या हिवाळ्यात फिल्टर दोनदा बदला, एकदा सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांनी आणि एकदा सीझन संपताना.

पहिला भराव, आणि पायरी पायरीने वर

एकदम बी२० भरू नका. आमचा दुसऱ्या वर्षीचा क्रम असा होता: सप्टेंबरच्या शेवटी १०० गॅलन बी५, ते बरंचसं संपल्यावर बी१०, मग डिसेंबरात बी२०. बायोडिझेल सॉल्व्हंटसारखं काम करतं, जुन्या तेलाचा डिंकासारखा थर सोडवतं. हळूहळू गेलात तर तो थर फिल्टरला झेपेल इतक्याच वेगाने सुटतो.

ट्रक येणार असेल त्या दिवशी बर्नरचा स्विच बंद करा आणि भरून झाल्यावर दोन-तीन तास थांबा, तेल पडताना तळ ढवळला जातो, गाळ खाली बसू द्या. भरताना टाकीच्या व्हेंटमधून शिट्टी वाजते, ती थांबली की टाकी भरत आली असं ड्रायव्हरला कळतं, शिट्टी वाजतच नसेल तर त्याने भरू नये, हे त्याला माहीत असतं पण तुम्हालाही माहीत हवं. आणि कधी टाकी काढून टाकलीत तर भिंतीबाहेरचा भरायचा पाइपही त्याच दिवशी काढायला लावा, नाहीतर चुकून आलेला ट्रक तळघरातच तेल ओतेल.

ट्यूनिंग

बी२० सुरू झाल्यावर मेकॅनिकला ॲनालायझर घेऊन बोलवा, नुसतं ज्योत बघून “ठीक आहे” म्हणणारा नको. धुराची चाचणी शून्य किंवा जेमतेम, कार्बन डायऑक्साइड ११-१२ टक्क्यांच्या आसपास, कार्बन मोनॉक्साइड नगण्य, चिमणीचा ओढ बरोबर, हे सगळे आकडे कागदावर लिहून घ्या. शुद्ध बायोडिझेलमध्ये गॅलनमागे उष्णता साधारण ८ टक्क्यांनी कमी असते, म्हणजे बी२०ला दीड टक्का, वर्षाला ७०० गॅलन लागणाऱ्या घराला १०-११ गॅलन जास्त. बदल्यात ज्योत स्वच्छ जळते, आमच्या बॉयलरच्या आतली काजळी आता वर्षाच्या सर्व्हिसला खूपच कमी निघते. बी२०च्या वर जायचं असेल तर मात्र एक अडचण लक्षात ठेवा, ज्योत ओळखणारा प्रकाशाचा डोळा असतो, कॅड सेल, त्याला बायोडिझेलची कमी उजळ ज्योत कधीकधी दिसत नाही आणि बर्नर सुरक्षिततेसाठी स्वतःहून बंद होतो. बी५० किंवा बी१००ला त्यासाठीच यूएलची मान्यता असलेला बर्नर आणि कंट्रोल लागतो, बेकेटसारख्या कंपन्या बी१००चे बर्नर बनवतात, पण ते काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

थंडी

डिसेंबरात पुण्यात खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि आपण ती उन्हात ठेवतो, तसंच. तेल थंड होताना आधी धूसर होतं, त्या तापमानाला क्लाउड पॉइंट म्हणतात, त्याच्या खाली मेणाचे कण फिल्टरवर अडकतात. सोयाबीनच्या शुद्ध बायोडिझेलचा क्लाउड पॉइंट ० अंश सेल्सिअसच्या आसपास, पामचा १३-१६ अंश, साध्या हीटिंग ऑइलचा शून्याच्या बराच खाली.

टाकी तळघरात असेल तर बी२० सुखाने चालतं, आमचं तळघर कधीच १० अंशांच्या खाली गेलेलं नाही. टाकी बाहेर अंगणात असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, हिवाळ्यात बी५च्या वर जाऊ नका आणि सप्लायरकडून केरोसीन मिसळून घ्या. बाहेरच्या टाकीपासून येणारी बारीक नळी आधी गोठते, म्हणून तिला इन्सुलेशन करा, आणि शक्य असेल तर टाकीच आत आणा.

बंद पडला तर

बर्नरवर लाल रिसेट बटण असतं. एकदाच दाबा. नाही पेटला तर परत परत दाबू नका, प्रत्येक वेळी न जळलेलं तेल आत साचतं आणि शेवटी पेट घेतं तेव्हा मोठा धडाका होऊन घरभर काजळी पसरते. आधी टाकीत तेल आहे का बघा, मग स्विच, थर्मोस्टॅट, फिल्टरचा गेज, आणि मग सर्व्हिसला फोन. तेल संपलं असेल आणि ट्रक उद्या येणार असेल तर पंपावरून पाच-दहा गॅलन डिझेल आणून टाकीत घालता येतं, पेट्रोल कधीही नाही. त्यानंतर लाइनमधली हवा काढावी लागते, ती आधी एकदा मेकॅनिककडून शिकून घ्या. बेडरूमच्या मजल्यावर आणि तळघराजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, तेल कुठलंही असो.

यूकेमधल्या आपल्या लोकांसाठी थोडं वेगळं आहे. तिकडे खेड्यातल्या घरांत केरोसीन जळतं आणि पर्याय म्हणून एचव्हीओची चर्चा असते. तेही वनस्पती तेल किंवा टाकाऊ तेलापासूनच, पण हायड्रोजनने प्रक्रिया केलेलं, त्यामुळे थंडीत बरंच टिकतं आणि साठवणुकीत लवकर खराब होत नाही. कॉर्नवॉलमधल्या केहेलंड गावात घरांचे, शाळेचे बॉयलर त्यावर चालवून बघितले गेले. नोझल आणि पंपाचा दाब बदलावा लागतो, ते ऑफ्टेक या तिकडच्या ऑइल हीटिंगच्या संस्थेच्या नोंदणीकृत माणसाकडून करून घ्या, आणि जुना व्हेपरायझिंग (फवारा न मारता तेलाची वाफ करून जाळणारा) बर्नरवाला कुकर असेल तर थेट एचव्हीओ घालू नका. मुख्य अडचण किंमत आहे, ऑर्डर देण्याआधी लिटरचा भाव केरोसीनशी लावून बघा.

मे महिन्यात

सीझन संपल्यावर बी२० वर्षानुवर्षं पडून राहू देऊ नका. आम्ही एप्रिलपासून भराव छोटा ठेवतो, उन्हाळ्यात गरम पाण्यापुरतं तेल लागतं तेवढंच, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पेस्टची काठी, पाणी असेल तर उपसा, नवीन फिल्टर. बॉयलरशेजारी खिळ्याला एक वही अडकवलीय, त्यात प्रत्येक भरावाची तारीख, गॅलन, मिश्रणाचा टक्का, फिल्टर बदलल्याची तारीख आणि गेजचा आकडा लिहितो. मागच्या फेब्रुवारीत काटा नेहमीपेक्षा वर दिसला तेव्हा त्याच वहीत बघून कळलं की फिल्टरला चार महिने झालेत, त्याच संध्याकाळी बदलला, पंधरा मिनिटांचं काम.